दार धरायला कोणी नव्हतं

श्यामसुंदरकाकांनी वरणाचा कुकर गॅसवर चढवला, हात पुसले आणि माधवच्या जागी उभं राहायला ते दाराशी आले, तेव्हा ऋचाने मनात घोकून आणलेलं वाक्य पुन्हा गिळलं.

आदल्या संध्याकाळी तिघांचं फोनवर ठरलं होतं. योगेशची बंगळुरूला बदली झाली होती, आमोदने पॅराशूट महिन्यापूर्वीच विकलं होतं आणि ऋचाने माधव गेल्यापासून विमानाचा आवाज आला तरी मान वर केली नव्हती. तेव्हा रविवारचा सराव बंद, हे काकांना सांगायचं होतं. एकट्यावर नको, म्हणून तिघांनी एकदम सांगायचं.

सराव कसला, तर विमानातून चौघांनी एकत्र उडी मारण्याचा. लोकांना वाटतं उडी अवघड असते. अवघड असतं ते चौघांनी एकाच क्षणी दार सोडणं. एकाला अर्धा सेकंद उशीर झाला, तर तेवढ्यात विमान वीस मीटर पुढे गेलेलं असतं. मग आकाशात एकमेकांना शोधत बसा. म्हणून दोघं दाराबाहेर दांड्याला लोंबकळतात, दोघं आत वाकून त्यांच्या बाह्या पकडतात आणि मधला मोजतो. तोही तोंडाने नाही, कारण वाऱ्यात काही ऐकू येत नाही. तो अंगाने झुलतो. बाहेर, आत, की चौघं नाहीशी.

झुलायचं काम माधवचं होतं. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं दार विमानाच्या दारापेक्षा फक्त दोन इंच अरुंद आहे, हे त्यानेच टेप लावून शोधून काढलं होतं. मग काय, सहा वर्षं दर रविवारी चार धडधाकट माणसं एकमेकांना धरून त्या दारातून पॅसेजमध्ये पडायची. काकांची, म्हणजे माधवच्या वडिलांची, सगळी नोकरी खडकीच्या कारखान्यात तपासणी विभागात गेलेली. ते खुर्ची टाकून, पायाने दार धरून पेपर वाचत बसायचे. "खाली जायला जिना आहे," एवढंच अधूनमधून म्हणायचे.

माधव आकाशातून पडून गेला नाही. डेंग्यू झाला आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं. तेराव्यानंतरच्या रविवारी तिघं काकांना भेटायला आली. काय बोलावं कोणाला सुचेना, म्हणून सराव केला. पुढच्या रविवारीही केला. असे चार महिने झाले. मधली जागा मोकळी ठेवून तिघं तिच्याकडे बघत उभी राहायची आणि दर वेळी मागेपुढे बाहेर पडायची. गेल्या रविवारी काकांनी पेपरची घडी केली.

"हे चुकतंय. मोजणाराच नाही, तर तुम्ही बघताय कोणाकडे? पुढच्या वेळी मी उभा राहतो."

आणि आज ते उभे राहिले होते. वय वर्षं बाहत्तर, लेंगा आणि दुखरा गुडघा. ऋचाने त्यांची बाही धरली. काका बाहेर झुलले, आत झुलले, आणि सुटताना डाव्या खांद्याला तोच हिसका दिला, जो माधव द्यायचा. चौघं एकदम बाहेर आली. केसभरही मागेपुढे नाही. ऋचाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मागे लॅच लागल्याचा आवाज झाला.

दार धरायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण दार धरणारा माणूस त्यांच्याबरोबर बाहेर पडला होता. किल्ली आत, फोन आत, चपला आत. कुकरची पहिली शिट्टी झाली.

"पाणी बेताचंच आहे," काका शांतपणे म्हणाले. "बारा शिट्ट्यांपर्यंत काळजी नाही."

दुसरी किल्ली कुठे असते, असं योगेशने विचारलं. माधवच्या पाकिटात, आणि पाकीट कपाटात, असं काकांनी सांगितलं. दुसरी शिट्टी झाली.

शेजारच्या दारातून यमुनाबाई डोकावल्या. चार अनवाणी माणसं त्यांनी सावकाश पाहून घेतली.

"घरात एक तरी माणूस ठेवावा, हे विमानात शिकवत नाहीत वाटतं."

"विमानात पायलट राहतो, मावशी," आमोद म्हणाला.

यमुनाबाईंच्या गॅलरीपासून काकांची गॅलरी अवघी तीन फुटांवर होती. दहा हजार फुटांवरून प्रत्येकी शंभरेक उड्या मारलेली तिघं कठड्याशी गेली, खाली वाकून पाहिलं आणि परत आली.

"का हो? तुम्ही तर उड्या मारता ना?"

"हे तीस फूटच आहे, मावशी," योगेश म्हणाला. "पॅराशूट उघडायला तीन हजार तरी लागतात."

"म्हणजे उंची कमी पडते."

"हो."

"मग गच्चीवरून बघा," असं म्हणून त्यांनी अग्निशमन दलाला फोन लावला.

नवव्या शिट्टीला गाडी आली. संजय नावाचा जवान शिडीवरून गॅलरीत चढला, आत गेला आणि बराच वेळ बाहेरच येईना. अकरावी झाली. बाराव्या शिट्टीला जळका वास आला आणि मग एकदाचं दार उघडलं.

"गॅस बंद केलाय. मधल्या खोलीत खोक्यांचा ढीग, वाट काढता काढता उशीर झाला. एवढं सामान बांधलंत तर एक किल्ली बाहेर ठेवायची ना, काका. कधी निघताय?"

तिघांनी काकांकडे पाहिलं. काका कुकरकडे बघत होते.

जवान गेल्यावर करपलेलं वरण वरवरचं काढून चौघं जेवायला बसली. उल्का, म्हणजे माधवची बहीण, तेराव्यापासूनच काकांना नागपूरला बोलावत होती. खोकी तीन महिन्यांपूर्वीच भरून झाली होती. टेम्पोवाल्याला काकांनी चार वेळा पुढची तारीख दिली होती.

"का थांबलात?" ऋचाने विचारलं.

"तुम्ही दर रविवारी यायचात. तोंडं ही अशी करून. म्हटलं, पोरांना दुसरं दार नाही." काकांनी भात कालवला. "आज सांगणार होतो. तुमची एक उडी नीट झाली की."

योगेशने आमोदकडे पाहिलं, आमोदने ऋचाकडे. तिघांनी एकदम सांगायचं ठरलं होतं, पण बाकीचे दोघं नुसतेच ताटाकडे बघत राहिले. शेवटी ऋचाने एकटीनेच सांगितलं. बदली, विकलेलं पॅराशूट, सगळं. आपण कशासाठी येत होतो, तेही सांगितलं.

काकांचा घास हातातच राहिला.

"मला वाटायचं, तुमची हौस."

"आम्हाला वाटायचं, तुम्हाला बरं वाटतं."

"बरं वाटायचंच," काका म्हणाले आणि हातातला घास तोंडात घातला.

पाच वाजून गेले. भांडी घासून झाली होती. दोन खोकी दोरीने पुन्हा आवळून झाली होती. आता काही काम उरलं नव्हतं, तरी तिघं सतरंजीवर बसून होती.

"निघा आता," काका म्हणाले. "एकेक करून गेलात तरी चालेल."

तिघंही एकमेकांकडे बघत तशीच बसून राहिली.