बारा टनांचा हॉल

आशाबाईंचं वजन एकाहत्तर किलो. त्यांनी अठ्ठावन्न सांगितलं.

केळी धुरीनं पिकवायची तर खोलीला खिडकी नको.

खापर म्हणजे पालथ्या मडक्यासारखा मातीचा मोठा तवा. त्यावर मांडे भाजतात. खाली लाकूडच लागतं, गॅस चालत नाही.

लाल बटनावर ‘शिकायत’ लिहिलेलं होतं.

रविवारी सिंधीपुऱ्यातल्या साठ बायका इतवाऱ्यात मजुरीला गेल्या.

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध जुळायला अवघे पाच दिवस लागले, आणि तो जुळवला कमलताईंनी.

कमलताई महिला मंडळाच्या सचिव. तीस वर्षं मंडीत काट्यावर कापसाची वजनं लिहून निवृत्त झालेल्या. जे कागदावर नाही ते त्यांच्या लेखी जगातच नसे. मंडळानं या रविवारी दापोऱ्याच्या मथुराबाईंच्या मांड्यांचा कार्यक्रम ठरवला होता. मथुराबाईंनी जन्मभर लग्नाघरी मांडवामागे, धुरात बसून मांडे केले. या वेळी त्या स्टेजवर बसणार होत्या आणि बायका खुर्च्यांवरून बघणार होत्या.

मथुराबाईंनी होकार दिला तो असा : “एवढ्या डाव करते व माय. मंग खापर तापीमायले देऊन टाकते. कोनी शिकतच नही, तं कोनासाठी ठेवू?”

हे वाक्य कमलताईंच्या मनात रुतून बसलं. कार्यक्रमात काडीचंही विघ्न नको, म्हणून मंगळवारी त्यांनी हॉलचं लायसन्स ऑनलाइन तपासायला घेतलं. इथला सरकारी कारभार हिंदीत. सरकारनं त्याच वर्षी सगळ्या खात्यांची दप्तरं एका पोर्टलवर जोडली होती. इतवाऱ्यातल्या देवरामच्या हॉलचं पान उघडलं.

प्रकार : केला पकाने का गोदाम.
क्षमता : बारह टन.
धुएँ की भट्ठी : मान्य.

“अहो, हा हॉल नाही, केळ्यांचं गोदाम आहे!”

त्यांचे यजमान वामनराव पेपरातून वर न बघता म्हणाले, “मग बायकांना जास्त वेळ बसवू नकोस. पिकतील.”

कमलताईंचं लक्ष दुसऱ्या ओळीवर होतं. बारा टन म्हणजे बारा हजार किलो. बायका साठ. अंदाजानं वजन धरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी फोन लावला.

“आशाबाई, वजन किती हो तुमचं?”

“का गं?”

“हॉलसाठी लागतंय.”

“फरशी इतकी कच्ची आहे का?”

संध्याकाळपर्यंत तिघींनी उपवास धरले आणि दोघी रुसल्या. एकूण बेरीज साडेतीन टन आली, तीही खोटी.

बुधवारी देवराम भेटला. “काकू, आजोबांनी गोदाम काढलं, बापानं पंखे लावले, मी झुंबर लावलं. बीस साल झाले लगनं लागतायत. कुणी पुछलंपण नाही!”

“मी विचारतेय ना.”

“तोच तर प्रॉब्लेम आहे, काकू!”

कमलताईंना पोर्टलवर नुसतं विचारायचं होतं. पण विचारायला बटन नव्हतं. नया आवेदन, भुगतान आणि शिकायत, एवढीच तीन. त्यांनी तिसरं दाबलं आणि लिहिलं, ‘मेरी कोई शिकायत नहीं है. केवल पूछना है कि केले के गोदाम में साठ महिलाएँ बैठ सकती हैं क्या. वजन की सूची साथ में है.’

तीस वर्षांत कुठल्याही सरकारी कागदाला महिन्याच्या आत उत्तर आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. याला दुसऱ्याच दिवशी आलं, जीपमध्ये बसून.

जीपमधून उतरलेल्या लायसन्स खात्याच्या साहेबांनी भर इतवाऱ्याच्या बाजारात यादी वाचली. “आशाबाई, अट्ठावन किलो?” आशाबाई नेमक्या समोरच मेथी निवडत होत्या. भाजीवाला त्यांच्याकडे बघून इतका हसला, की त्यांनी मेथी त्याच्याच अंगावर टाकली. साहेबांनी गोदाम मोजलं आणि निकाल दिला, “हॉल का लायसेंस बनवाओ. तब तक शादी-ब्याह, सभा-वभा सब बंद.”

कमलताईंनी बाकीचे चार हॉल तपासले. चारहींची लायसन्सं अगदी चोख आणि चारहींत एकच ओळ : आत लाकूड पेटवायला मनाई. मैदानाचं विचारलं तर मथुराबाई म्हणाल्या, “वाऱ्यात खापर तडकते.”

“मग जरा पुढं ढकलू या का, मावशी?”

“तू ढकल व माय. माहे हात ढकलल्या जात नही. आतापासूनच कापतात.”

फोन ठेवताच कमलताईंना ते बिनखिडकीचं, बिनवाऱ्याचं गोदाम आठवलं आणि त्या थेट साहेबांच्या टेबलापाशी गेल्या. “साहेब, गोदामात भट्टी मान्य आहे, असं तुमच्याच पानावर लिहिलंय.”

“भट्ठी तो पास है, मैडम. लेकिन गोदाम में दर्शक नहीं बैठते. काम करने वाले बैठते हैं.”

“किती?”

“साठ-सत्तर मजदूर चलेंगे.”

“आणि त्यांनी खायची वस्तू केली तर?”

“केला भी तो खाने की ही चीज़ है.” आपण काय बोलून बसलो ते साहेबांना कळलं, तेव्हा कमलताई जिना उतरून गेल्या होत्या.

रविवारी हॉलमध्ये ना स्टेज, ना खुर्च्या. दारात हजेरीचं रजिस्टर. रुसलेल्या दोघीही आल्या. आशाबाईंनी ‘मजूर’ या रकान्यात ठसक्यात सही केली. आत कमलताई घिरट्या घालत होत्या : “हात चालू ठेवा! नुसतं बघत बसलो तर आपली सभा होईल!”

मग काय, ज्या बायका बघायला येणार होत्या त्या कोपरापर्यंत पिठात. कुणाचा मांडा हातावरच फाटला, कुणाचं पुरण बांगड्यांत गेलं. स्टेजवर बसायच्या त्या मथुराबाई साठ जणींतून फिरत होत्या, कोपरांवर चापट मारत. “कोपर वर! मांडा हाय, गोधडी नही!” त्यांची सून वंदना फक्त डबा द्यायला आली होती. कमलताईंनी तिलाही कामाला लावलं.

दुपारी साहेब तपासणीला आले. रिकामं कुणीच नव्हतं. ते भिंतीशी टेकायला लागले.

“टेकता येणार नाही, साहेब. दर्शक चालत नाहीत,” म्हणत कमलताईंनी त्यांच्या हातात उंडा ठेवला.

संध्याकाळपर्यंत एकसष्टांतून चौघींना अख्खा मांडा जमला. त्यातली एक वंदना. कमलताईंनी देवरामचा हॉलच्या लायसन्सचा अर्ज तिथंच, पिठाच्या हातांनी भरून दिला. मथुराबाईंनी खापर पुसून फडक्यात बांधलं आणि सुनेच्या हाती दिलं. “पुढच्या ऐतवारी घेऊन ये. या साऱ्यायले अजून कोपर धरता येत नही.”

साहेबांचा मांडा मधोमध फाटून चुलीत पडला होता, आणि ते ओशाळून उभे होते.

मथुराबाईंनी पहिला मांडा नवव्या वर्षी केला. तो चुलीत पडला होता.