खोली वाढवा

"राग आल्यावर तुम्ही कुठे जाता?" आर्किटेक्टबाईंनी विचारलं, आणि कुकररावांना तिथल्या तिथे राग आला.

"मी कशाला कुठे जातोय? मी आहे तिथेच असतो. बाकीचे जातात."

कुकरराव हे त्यांचं खरं नाव नव्हे हे सांगायला नको. ऑफिसातल्या लोकांनी ते पाठीमागे ठेवलं होतं, आणि त्यांचा आवाज चढू लागला की कोणीतरी हळूच शिट्टी वाजवून दाखवायचं. ते तक्रार विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या काळात तक्रारी खरोखरच कमी झाल्या, कारण लोक यायचेच बंद झाले.

"मी बाथरूममध्ये जाते," त्यांची बायको कोपऱ्यातून म्हणाली. "नळ सोडून बसते. मला ना, एक खोली हवी. लहान चालेल. दार आतून लावता आलं पाहिजे, बस."

आर्किटेक्टबाईंनी ते लिहून घेतलं. पहिल्या भेटीत त्यांनी फक्त लिहूनच घेतलं. सकाळी आधी कोण उठतं, पेपर कुठे बसून वाचता, ओले कपडे कुठे वाळतात. प्लॉटवर गेल्या तर ऊन कुठून येतं आणि शेजाऱ्याची खिडकी कुठे आहे हेच पाहत उभ्या राहिल्या. घरी येताना कुकररावांची तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

"घर बांधायला बोलावलंय की जनगणनेला? खड्ड्यात गेले ते प्रश्न! दोन भिंती उभ्या करायला एवढ्या चौकशा?"

"खड्ड्यात गेलं" हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. दिवसभरात ते भाजी, बस, बातम्या आणि सासुरवाडी यांना आळीपाळीने खड्ड्यात पाठवत. त्या बिचाऱ्यांना कधी काही झालं नाही.

मग कच्चा आराखडा आला, तेव्हा "हा कच्चा का?" म्हणून ते भांडले. पक्के नकाशे आले, तेव्हा "एवढे कागद कशाला?" म्हणून भांडले. कुठे बटण, कुठे नळ, कुठलं दार कुठल्या बाजूला उघडणार, सगळं त्यात होतं. अशी शिस्त पाहून ज्याला बरं वाटायला हवं होतं तोच माणूस टेबलावर मुठी आपटत होता. अशा माणसांचं घर कसं होतं, देव जाणे.

शेवटी बाईंनी पुठ्ठ्याचं छोटं घर करून आणलं. छप्पर उचललं की आतल्या खोल्या दिसत. त्या दिवशी कुकरराव बाईंच्या ऑफिसात एकटेच गेले होते. त्यांनी छप्पर उचललं, मागच्या बाजूची एक चिमुकली खोली दोन बोटांनी उपटली आणि पँटच्या खिशात टाकली.

"ही काढा. हॉल मोठा करा. चार माणसं आली तर बसायला जागा हवी."

"चार माणसं येतात तुमच्याकडे?" बाईंनी विचारलं.

"जागा झाली की येतील!"

"ती ताईंची खोली आहे. त्यांना विचारलंत?"

"विचारलंय," कुकरराव म्हणाले. हे साफ खोटं होतं.

बाईंनी नकाशा बदलला, मंजुरीला पाठवला, कचेरीत खेटे घातले, शंका निघाल्या त्यांची उत्तरं दिली आणि एकदाचा शिक्का आणला. मिस्त्री ठरवायलाही मदत केली. पुढचं काम देखरेखीचं. कुठे काय कसं चाललंय ते दर टप्प्याला येऊन बघायचं. पण कुकररावांनी तिथे हात जोडले.

"बांधकाम बघायला डोळे लागतात, डिग्री नाही. डोळे मला आहेत."

"बरं," आर्किटेक्टबाई म्हणाल्या. "फक्त काही बदलायचं असेल तर तोंडी सांगू नका. कागदावर काढून द्या."

"खड्ड्यात गेले तुमचे कागद," कुकरराव म्हणाले, पण त्या गेल्यावर.

पायाचं खोदकाम सुरू झालं त्याच आठवड्यात बायकोने कपाटात पडून राहिलेले कपडे धुवायला काढले. पँटचा खिसा उलटा केला तर आतून पुठ्ठ्याची खोली पडली. चार भिंती, एक खिडकी आणि नखाएवढं दार. तिने ती तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली. दुसऱ्या दिवशी कुकररावांच्या बशीत चहाच्या कपाशेजारी ती खोली ठेवलेली होती.

बायको बोलायची बंद झाली. भांडली असती तर कुकररावांना सोपं गेलं असतं, भांडणात ते पट्टीचे होते. पण ती गप्प. बाथरूममध्ये सुद्धा जाईना. समोर बसून भाजी निवडायची आणि त्यांच्या आरपार भिंतीकडे बघायची. कुकरराव चिडले, चरफडले, खड्ड्यात कोणाकोणाला पाठवून झालं, आणि अखेर त्यांना कळून चुकलं की ती खोली दिल्याशिवाय या घरात आपल्याला कोणी माणसात धरणार नाही.

आता आर्किटेक्टबाईंना फोन करायचा म्हणजे "विचारलंत ना?" हे ऐकून घेणं आलं. ते शक्य नव्हतं. त्यांनी सरळ मिस्त्रीला फोन लावला. ऑफिसात तपासणी चालू होती, फायलींचा ढीग होता आणि डोक्यात शिट्टी व्हायची वेळ आली होती.

"मिस्त्री, खोली वाढवा!"

"कुठं साहेब?"

"मागच्या बाजूला!"

मिस्त्री त्या वेळी कुठे उभा होता? पायाच्या चरात. आठवडाभर त्याच्या तोंडात आणि कानात एकच विषय होता, पायाची खोली. त्यामुळे त्याला जे समजायचं तेच समजलं.

"किती वाढवू?"

"किती म्हणजे? माणूस आत नीट उभा राहिला पाहिजे! हात वर केला तरी कशाला लागता कामा नये!"

"एवढी?" मिस्त्री चाचरला. "साहेब, नकाशात तर..."

"नकाशा खड्ड्यात गेला! मी सांगतो ते करा!"

दोन दिवसांनी मिस्त्रीचा फोन आला. "साहेब, खाली कडक लागलंय."

"कडक असो नाहीतर मऊ, मला खोली पाहिजे!"

मग पुन्हा फोन. "साहेब, पाणी लागलंय."

"लागणारच!" कुकरराव गरजले. "बांधकाम आहे, पाणी लागणार नाही तर काय सरबत लागणार? यासाठी फोन करता?"

"मग चालू ठेवू?"

"ठेवा! आणि आता फोनही ठेवा!"

तपासणी संपली त्या रविवारी कुकरराव बायकोला म्हणाले, "चल, तुझी खोली दाखवतो." बायको तेव्हाही काही बोलली नाही, पण तिने बरी साडी नेसली. रस्त्यात एकदा तिने पर्समधून ती पुठ्ठ्याची खोली काढून पाहिली आणि परत ठेवली. ते कुकररावांनी पाहिलं आणि त्यांना स्वतःबद्दल फार चांगलं वाटलं.

प्लॉटच्या मागच्या बाजूला मातीचा डोंगर होता. डोंगराच्या पलीकडे खड्डा होता. खड्ड्यात एक शिडी होती, आणि शिडीची खालची पायरी गढूळ पाण्यात होती. मिस्त्री अभिमानाने कडेला उभा होता.

"वाढवली साहेब. हात वर करून बघा, कशाला लागत नाही. अजून वाढवायची असली तर शिडी मोठी आणावी लागेल."

कुकररावांनी मोठा श्वास घेतला. मिस्त्री दोन पावलं मागे सरकला. पण आवाज आला तो भलतीकडून.

"ही माझी खोली?" बायको म्हणाली.

"अगं, हा गाढव..."

"त्यांना गाढव म्हणू नका! गाढव कोण ते मला माहितीये! लग्न झाल्यापासून मी नळ सोडून बसतेय. तेवढ्या पाण्यात असे दहा खड्डे भरले असते! मी काय मागितलं? बंगला मागितला? चार भिंती आणि एक कडी! आणि तुम्ही माझी खोली खिशात घालून फिरत होतात! वर त्या बाईंना खोटंच सांगितलं असणार. जगाच्या तक्रारी ऐकायचा पगार घेता ना? माझी एक तरी ऐकलीत?"

ती बोलत राहिली. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, ते काही दोन वाक्यांत संपणार नव्हतं. शेजाऱ्याची खिडकी उघडली. कुकरराव इकडेतिकडे पाहू लागले. राग आल्यावर कुठे जायचं हे त्यांना ठाऊक नव्हतंच, पण दुसऱ्याला आल्यावर कुठे जायचं हेही कधी शिकायची वेळ आली नव्हती. प्लॉटवर ना भिंत, ना दार, ना आडोसा. होती ती फक्त शिडी.

कुकरराव शिडीवरून खाली उतरले.

"अगं, ऐकून तरी घे!" खालून आवाज आला.

"तिथेच थांबा!"

ते थांबले. घोट्यापर्यंत पाण्यात, चांगले बूट घालून. पहिल्यांदा कुणीतरी खरोखर खड्ड्यात गेलं होतं.

आर्किटेक्टबाईंना बायकोनेच फोन केला. त्या आल्या, खड्डा पाहिला, खड्ड्यातल्या माणसाला नमस्कार केला. पाण्याला साबणाचा वास येत होता, तेव्हा ते जमिनीतलं नसून शेजाऱ्याच्या फुटक्या पाइपाचं आहे हे त्यांनी ओळखलं. पाइप दुरुस्त झाला, खड्डा कोरडा पडला.

"हा नुसती माती लोटून बुजवला तर वरची भिंत खचेल," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा खाली तळघर करू आणि वर ताईंची खोली. नकाशा नव्याने मंजूर करून घ्यावा लागेल. देखरेख मी करीन. एकच अट आहे, मिस्त्रींना फोन तुम्ही करायचा नाही."

"कबूल," बायको म्हणाली. कुकररावांना कोणी विचारलं नव्हतं.

घर झालं. शेवटचा टप्पा म्हणून आर्किटेक्टबाई सगळं फिरून बघायला आल्या. दारं लागतात का, नळ गळतात का, उतार बरोबर आहेत का. मागच्या खोलीत खिडकीशी बायको निवांत पुस्तक वाचत बसली होती. पुठ्ठ्याची खोली शेल्फवर होती. दार सताड उघडं होतं.

"कडी अगदी कोरी दिसतेय," बाई कडी सरकवून पाहत म्हणाल्या. "वापरत नाही?"

"लागतच नाही हो आता."

"आणि राग आला म्हणजे?"

"मी कशाला कुठे जातेय?" बायकोने पान उलटलं. "मी आहे तिथेच असते."

"साहेब दिसत नाहीत कुठे?"

"सकाळी थोडं बोलले मी त्यांना," बायको म्हणाली, आणि पायाने फरशीवर हलकेच टकटक केलं. "खाली आहेत."

खालून एक कडी हळूच सरकल्याचा आवाज आला. नीट लागली आहे ना, ते कोणीतरी पुन्हा तपासून पाहत होतं.