समारोपानंतर सिनेमा दाखवत नाहीत

धुळे शहरात लोकसहभागातून चालणारं एक कलात्मक चित्रगृह आहे, ही गोष्ट मंडळाच्या सदस्यांना आणि वार्ताहरांना ठाऊक होती. लोकांना ठाऊक नव्हती. पण त्यावाचून लोकसहभागाचं काही अडत नव्हतं.

जुन्या जिनिंगच्या गोदामात हे चित्रगृह होतं. कापूस गेला, मशिनं गेली, पडदा आला. खान्देश चित्रसंस्कृती मंडळ तिथे बारमाही महोत्सव भरवी. 'मौनाची भाषा' या चित्रपटमालिकेला वक्त्यांची अशी रांग लागली, की शेवटी माईकनेच मान टाकली. 'स्त्रीची नजर' या सप्ताहाचं उद्घाटन एका पुरुषाने केलं, अध्यक्षस्थान दुसऱ्याने भूषवलं, आणि मंडळाच्या सचिव ज्योतीताई बागूल पुष्पगुच्छांचं तबक धरून बाजूला उभ्या होत्या. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक ललित देवरे. त्यांचं म्हणणं असं, की सिनेमा हे निमित्त आहे. कशाचं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

अशा या चित्रगृहात मे महिन्याच्या एका दुपारी झुलालआबा पाटील शिरले ते कूलरसाठी. डांबर चपलेला धरून ठेवत होतं. हातात वांग्यांची पिशवी होती. आबा एसटीत कंट्रोलर होते. सगळी नोकरी धुळ्याच्या स्टँडवर माईकसमोर गेली. गाडी सुटली की त्यांचं काम संपायचं. ती पोचली की नाही, हा दुसऱ्या आगाराचा प्रश्न. निवृत्तीनंतर ते घरात नळाला पाणी आलं तरी घोषणा केल्यासारखं सांगत, आणि त्यांची बायको मंजुळाबाई कानाला पदर लावून बसे.

दारातल्या कार्यकर्त्याने त्यांना हरखून विचारलं, "प्रेक्षक का?"

आबांनी कूलरकडे बघत हो म्हटलं. त्यांना लगेच पुढच्या रांगेत बसवण्यात आलं, कारण फोटोत पुढची रांग रिकामी दिसत होती.

उद्घाटन, स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, मनोगत आणि अध्यक्षीय समारोप एवढं झाल्यावर उरलेल्या वेळात सिनेमा लावला. कुठल्यातरी डोंगराळ मुलखातला. भाषा आबांना कळेना, खालची इंग्रजी अक्षरं वाचेपर्यंत पळून जात. पण गोष्ट कळत होती. एका म्हाताऱ्या सुताराची मुलगी डोंगरापलीकडे दिलेली. तिच्या घराला दार नाही, वारं थेट चुलीत शिरतं. म्हातारा चांगल्या लाकडाचं दार करतो, पाठीला बांधतो आणि निघतो. वाटेत नाक्यावरचा शिपाई त्याला दार उभं करायला लावतो आणि म्हणतो, आता यातून आत ये, मग झडती घेतो. आबा मोठ्याने हसले. शेजारचे सदस्य मोबाइलमधून दचकून वर बघायला लागले. पुढे म्हातारा पावसात तेच दार डोक्यावर धरून बसला, तेव्हा आबांनी नाक पुसलं. त्यांची स्वतःची मुलगी रूपा साक्रीकडे दिलेली होती. मग नदी आली. पूल वाहून गेलेला. म्हाताऱ्याने दार पाठीवरून उतरवलं, पाण्याकडे पाहिलं, धोतरासारखं काही होतं ते वर खोचलं, वाकला...

आणि गोदामातले दिवे लागले.

प्रमुख पाहुण्यांना साक्रीला हळदीला जायचं होतं. आभार पाहुण्यांच्या उपस्थितीत मानायचे असतात; त्यामुळे सिनेमा थांबवून आभार मानण्यात आले. आभारानंतर राष्ट्रगीत झालं. पाहुणे गेले, पाठोपाठ सभागृह गेलं. आबा तेवढे पडद्यासमोर उभे.

"ताई, पुढचा भाग कधी लावणार?"

ज्योतीताई वायर गुंडाळत होत्या. त्या थांबल्या. मंडळाच्या इतिहासात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी तो देवरे सरांकडे नेला.

"समारोप झाला ना?" सर म्हणाले. "समारोपानंतर सिनेमा दाखवत नाहीत. पसायदान झाल्यावर कुणी कीर्तन करतं का?"

"पण म्हातारा नदीत उतरला का?" आबांनी विचारलं. "तुम्ही पाहिला असेल ना सर?"

"मी त्यावर लिहिलंय," सर म्हणाले.

घरी आबांनी मंजुळाबाईला सगळी गोष्ट सांगितली. ती वांगी चिरता चिरता थांबली. "मंग? आंडेरना घर दार पोचनं का नही?" तिला त्या लेकीची काळजी लागली.

"दिवा लाई दिधा ना त्यासनी!"

"आसा कसा सिनेमा? उद्या जा, इचारी या."

आबा दुसऱ्या दिवशी गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेले. मंडळाच्या कार्यकारिणीपुढे विषय ठेवावा लागला. 'एका प्रेक्षकाची चित्रपटाबाबत विचारणा' असा तो विषय होता. चर्चा गंभीर झाली. एक सदस्य म्हणाले, एकाला शेवट दाखवला, तर उद्या सगळेच मागतील. देवरे सरांनी मात्र यातली संधी ओळखली. मंडळावर एक आक्षेप नेहमी येई, की तुमच्याकडे प्रेक्षक नाहीत. इथे एक जिवंत प्रेक्षक स्वतःहून चालत आला होता. पत्ता, मोबाइल नंबर सगळं होतं. ठराव झाला, की पुढच्या महोत्सवात झुलालआबांना 'रसिक प्रेक्षक सन्मान' द्यावा, आणि औचित्य म्हणून तोच चित्रपट लावावा.

आबा कोऱ्या धोतरात आले. मंजुळाबाईलाही यायचं होतं, पण पास एकच होता.

त्यांना मंचावर बसवलं. मंच पडद्याच्या पुढे होता. सन्मानाचे कार्यक्रम लांबले, तेव्हा वेळ वाचवण्यासाठी असं ठरलं, की सिनेमा मागे सुरू ठेवावा आणि पुढे सत्कार चालू द्यावेत. आबांच्या शालीवरून शेळ्या गेल्या, डोंगर गेले. पाण्याचा आवाज आला तसे ते खुर्चीत वळले.

"आबा, समोर बघा," फोटोग्राफर ओरडला.

पाठीमागे काहीतरी पाण्यात पडल्यासारखं वाजलं. एक बाई काहीतरी बोलली, की रडली. मग संगीत, मग टाळ्या. त्या मानपत्रासाठी होत्या. मंचावरूनच वाकून आबांनी पहिल्या रांगेला विचारलं, "काय झालं हो शेवटी?"

"फार सुंदर झालं," पहिली रांग म्हणाली. "शाल तुम्हाला शोभली."

सन्मानितांनी दोन शब्द बोलायचे असतात. आबांच्या हातात माईक आला आणि त्या माईकला जुना मालक सापडला. आवाज गोदामाच्या पत्र्यापर्यंत भरला. "तो म्हातारा दार घेऊन निघाला," आबा म्हणाले. "दार कुणासाठी असतं? जो घरात आहे त्याच्यासाठी, का जो बाहेर आहे त्याच्यासाठी?" ते खरं तर आठवत आठवत बोलत होते. पण सभागृहाने मोबाइल खाली ठेवले. शेवट ठाऊक नसल्यामुळे आबा नदीपाशी येऊन गप्प झाले, आणि त्या गप्प होण्याला दिवसातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या.

देवरे सरांनी त्यांना मिठी मारली. "आबा, कुठे होतात इतके दिवस?"

मग आबा कुठेच नसत असे दिवस राहिले नाहीत. जळगावच्या एका मंडळाने 'प्रेक्षक: एक शोध' हा महोत्सव भरवला आणि आबांना बीजभाषणाला बोलावलं. मोठ्या सभागृहात तोच दाराचा सिनेमा आणि छोट्या सभागृहात त्याच वेळी आबांचं 'सिनेमा पाहावा कसा' हे भाषण. छोटं सभागृह इतकं भरलं, की माणसं खिडक्यांत बसली. मोठ्या सभागृहात कुणीच नव्हतं, म्हणून सिनेमा बंद करून तिथल्या खुर्च्या इकडे आणल्या. त्याच खुर्च्यांवर बसून लोकांनी आबांचं ऐकलं, की हल्ली माणसं सिनेमा बघत नाहीत.

परतताना गाडीत आबांना थोडी चुटपुट लागली. पारोळ्यापर्यंत ती टिकली.

भाषण हळूहळू घोटीव झालं. नाक्यावरचा शिपाई म्हणजे व्यवस्था, पाऊस म्हणजे काळ, दार म्हणजे शक्यता. आबा आता सुती कुर्ता घालत आणि 'अवकाश' हा शब्द वापरत. एकदा मंजुळाबाईने भाकरी वाढता वाढता विचारलंच, "त्या दारनं काय व्हयनं मंग?"

"मंजुळा, दार हे प्रतीक शे."

"परतीकले कडी लावता येस का?" ती म्हणाली. "पोर वारामा बठेल शे, आनि तुम्ही भाषण करतस."

आबा त्या दिवशी दुसरी भाकरी न घेता उठले.

पुढच्या उन्हाळ्यात मंडळाने त्यांना कार्याध्यक्ष केलं. पहिल्याच बैठकीत देवरे सरांनी अडचण मांडली, की चित्रपटामुळे महोत्सवाच्या कामकाजात व्यत्यय येतो. अंधार करावा लागतो, त्यामुळे मान्यवर दिसत नाहीत. फोटो येत नाहीत. काही लोक मध्येच हसतात. तरी यापुढे चित्रपटांबद्दलचा महोत्सव करावा आणि चित्रपट ऐच्छिक ठेवावा. प्रेक्षकांचे प्रतिनिधी म्हणून आबांचं मत विचारण्यात आलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि बघितलं जाण्याची त्यांना आता सवय झाली होती.

"ऐच्छिक असायला हरकत नाही," आबा म्हणाले.

ठराव लिहून ज्योतीताई बाहेर आल्या, तेव्हा आबा गाडीची वाट बघत उभे होते. जामनेरला त्यांचं व्याख्यान होतं.

"आबा," ताई खालच्या आवाजात म्हणाल्या, "सिनेमा परत पाठवायचाय. पण आज गोदाम रिकामं आहे. मी आत्ता लावते, तुमच्या एकट्यासाठी. पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुणी मधे येणार नाही. तुम्ही मागच्या वर्षी रोज येऊन विचारत होतात, मला वाईट वाटायचं. काकूंनाही बोलवा ना."

आबांचा जीव खरंच हलला. नदी डोळ्यांसमोर आली, वाकलेला म्हातारा आला. त्यांनी चप्पल काढायला पाय उचलला. आणि मग मनात आलं, शेवटी दार पोचलं असेल तर? म्हाताऱ्याने नुसतं बिजागरीत बसवलं आणि चहा प्यायला, एवढंच असेल तर? आणि बुडालं असेल, तर शक्यतेचं काय करायचं? सगळं भाषण नदीपाशी उभं होतं. पलीकडे गेलं, की बोलायला काही उरत नव्हतं.

"पुन्हा कधी बघू, ताई," आबा म्हणाले. "आज लोक वाट बघताहेत."

ज्योतीताई वायर गुंडाळायला आत गेल्या. गाडी आली. आबा पुढच्या सीटवर बसले.

जामनेरचं सभागृह भरलेलं होतं. आबा नदीपाशी येऊन गप्प झाले, नेहमीप्रमाणे. टाळ्या ओसरल्यावर प्रश्नोत्तरं सुरू झाली. कुणी अवकाशाबद्दल विचारलं, कुणी काळाबद्दल. मग मागून एक बाई उठली. सुगंधाबाई नाव. भाचीला पुस्तक बक्षीस मिळणार होतं म्हणून आली होती.

"भाऊ, समदं बरोबर," ती म्हणाली, "पन ते दार लेकीच्या घरी पोचलं का?"

सभागृहात हसू फुटलं. आधी पुढच्या रांगेत, मग खुर्च्यांखुर्च्यांत. आबाही हसले, जरा उशिरा. बाईने इकडेतिकडे पाहिलं, पदर सावरला आणि खाली बसली.

मागच्या बाजूला, पंख्याखाली, तुम्हीही होतात. तुम्हालाही तेच विचारायचं होतं. हात अर्धा वर गेलाही होता. पण सगळे हसताहेत असं दिसल्यावर तो तुम्ही केसांतून फिरवला आणि हसलात. चांगलं मोठ्याने हसलात.