मालनताईंचा डबा परत आणण्याबाबत

निंभोरे नगरपरिषदेनं खासगी अंतराळयानांची स्पर्धा जाहीर केली आणि बक्षीस ठेवलं ते असं, की जो स्वतः बनवलेल्या यानातून शंभर किलोमीटर वर जाऊन येईल, त्याचं दुकान रस्तारुंदीकरणातून वगळण्यात येईल.

विश्राम पांचाळांच्या ग्रिल-गेटच्या दुकानावर लाल फुली आधीच पडली होती. त्यामुळे अंतराळाची हौस वगैरे भानगड नव्हती. त्यांनी हजार लिटरची पाण्याची टाकी घेतली, झाकणाला रबर बसवलं, खालून जे लावायचं ते लावलं आणि मंगळवारी सकाळी वर जाऊन साडेअकराला परत आले.

परीक्षक म्हणून बांधकाम अभियंता कुलथे होते. त्यांनी यादी उघडली. "जाताना नेलं : पाना एक, पाण्याची बाटली एक, स्टीलचा डबा एक. डबा कुठाय?"

"वर राहिला, साहेब. तिथं एक बाई भेटल्या. हिनं दिलेले लाडू त्यांना दिले. त्या म्हणाल्या, राहू द्या, डबा धुऊन देते."

कुलथ्यांनी समजून मान हलवली. त्यांच्याही घरचे तीन डबे असेच बाहेर होते. पण नियम नऊ स्पष्ट होता. नेलेलं सगळं परत आल्याशिवाय उड्डाण पूर्ण धरता येत नव्हतं.

"चौदा दिवस देतो. चौदाव्या दिवशी दुपारी बारापर्यंत डबा दिसला नाही, तर जेसीबी."

"आणि तो देवरे? तो तर महिना झाला, स्वतःच परत आला नाही."

"त्यांचा अर्ज प्रलंबित आहे."

घरी मालनताईंनी कपाळाला हात लावला. "माझ्या लग्नातला डबा तो! नाव घातलंय त्याच्यावर. बाईंचं आडनाव तरी विचारलंत?"

"घाईत होतो गं. उद्याच जाऊन आणतो."

"उद्या? काही रीतभात? लाडू संपले तरी असतील का त्यांचे? दहा-बारा दिवस जाऊ देत."

"अगं, दुकान जाईल!"

"दुकान जाईल म्हणून त्यांच्या दारात तगादा लावायचा? आणि गेलात की डबा न्यायला आलो म्हणायचं नाही. सहज इकडून चाललो होतो म्हणायचं."

विश्राम चौदाव्या दिवशी सकाळी गेले. अकरापासून जेसीबी दुकानासमोर उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर मालनताईंनी दिलेला चहा पीत होता. बाराला पाच मिनिटं कमी असताना टाकी उतरली. विश्राम दोन डबे घेऊन बाहेर आले.

कुलथ्यांनी लहान डब्यावरचं नाव वाचलं. 'सौ. मालन वि. पांचाळ.' मग दुकानावरची फुली पुसायला लावली. "देवरे दिसले का?"

"दिसले. पंगतीत बसलेत. आग्रह फार आहे तिकडं."

कुलथ्यांनी देवऱ्यांच्या अर्जावर नोंद केली : जेवण चालू.

मालनताईंनी डबा उघडला. आत राखाडी वड्या होत्या. त्यांनी एक तोंडात टाकली. "गोड जरा कमी आहे. पण हात चांगला आहे बाईंचा. हा दुसरा कुणाचा?"

"त्यांचाच. तुझ्या डब्यात सगळं मावेना."

मोठ्या डब्यावरही नाव घातलेलं होतं. अक्षर लागत नव्हतं, पण ठोकलेलं सुबक होतं. मालनताईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"आता हा रिकामा कसा पाठवायचा?" म्हणत त्यांनी रवा भाजायला घेतला.

विश्राम टाकीच्या झाकणाचं रबर बदलायला बसले.