वर माणसं हायत तवर

आमच्या राणीसावरगावात एक असा इसम आहे, जो अंतराळात कुणी असेल तोवर साखर खात नाही. आणि वर ते जे स्टेशन फिरतंय, त्यात कुणी ना कुणी असतंच. जुने उतरायच्या आत नवे चढतात. त्यामुळे लिंबाजीनाना कैक वर्षं माझ्या हॉटेलात बिनसाखरेचा चहा पितात, तोंड वाकडं करतात आणि नावं मात्र मला ठेवतात.

"नाना, तुमच्या साखरेनं त्यांचं काय भलं व्हायलंय?"

"तू तुझं गिऱ्हाईक बघ. वर माणसं हायत तवर साखर बंद."

टीव्हीवर रॉकेट उडालं की अख्खं हॉटेल टाळ्या पिटतं. नाना बाकावरून खेकसतात, "जायचं काय कौतुक करायलाव रे? परत येऊ द्या की!" आपलं यान चंद्रावर उतरलं, तेव्हा मी पेढे वाटले. आत माणूस नाही म्हटल्यावर नाना म्हणाले, "मंग ऱ्हाऊ द्या तिथंच. यंत्रासाठी रडायला कोण हाय?" पेढा शेजारच्याच्या हातावर ठेवला. माझ्या आनंदावर असं पाणी टाकायला ह्या माणसाला लय आवडतं.

नानांची जिंदगी ऊसतोडीत गेली. मंगळावर वस्ती करणार अशी बातमी आली, तर यांचे प्रश्न काय? "खोप्या कशाच्या? पाणी कुठनं? टोळीचा मुकादम कोण?" मी म्हटलं, परत न येण्याच्या बोलीवर जायलाही लोक तयार आहेत. नाना भडकलेच. "त्यायला घरी कुणी न्हाई का रं? माणूस सोडून यायची बी बोली असती व्हय?"

हे खूळ लागलं ते माझ्याच टीव्हीपायी. एक यान माणसांसकट परतताना आभाळातच जळालं. नाना बघत राहिले. "घराजवळ आली व्हती की रं," म्हणाले आणि गोड चहाचा कप सरकवून दिला. त्याच हंगामात ते कारखान्याकडून बायकोविना एकटे परत आले होते. शेवंताकाकू तिकडं तापानं गेल्या, एवढंच गावाला माहीत.

परवा बातमी आली, ते स्टेशन जुनं झालंय, पुढं रिकामं करून समुद्रात पाडणार. मी साखरेचा चमचा भरून नानांपुढं उभा राहिलो. "सुटलात नाना! आता साखर चालू करायची तयारी ठेवा."

नानांनी कपावर पंजा ठेवला.

"आन् आतली माणसं?"

"आधी खाली आणणार. मग पाडणार."

"समदी?"

"समदी."

नानांनी हात काढला नाही. खाली बघूनच बोलले, "शेवंता खोपीत गेली. म्या म्हणलं, गावाकडं नेतो. मुकादम म्हणला, फड अर्धा ऱ्हायलाय, गाडी कुठनं आणू? तिथंच ओढ्याला जाळली. दुसऱ्या दिशी कोयता घेऊन फडात गेलो मी. म्या तोडलेल्या त्या उसाची साखर कुणीतरी खाल्लीच असंल की."

मुकादमाला शिवी हासडावी असं फार वाटलं. पण तोही आता मेलाय. मी चमचा डब्यात उलटा केला.

नानांनी चहाचा घोट घेतला, टीव्हीकडं बघितलं.

"आधी माणसं आणणार म्हणतोस," ते म्हणाले. "त्यायचा मुकादम चांगला हाय."