नाकाचा साचा

"एकेचाळीस वर्षांत माझा एकही नमुना साच्यात अडकला नाही!"

हे वाक्य मिलिमीटर आजोबा दिवसातून एकदा तरी उच्चारत. ऐकायला कोणी नसेल, तर भिंतीवरच्या घड्याळाला ऐकवत. मिलिमीटर हे नाव त्यांना इमारतीने बहाल केले होते. पायपुसणे उंबरठ्याला समांतर नाही, हे सिद्ध करण्यासाठी ते फूटपट्टी घेऊन शेजाऱ्याच्या दारात ओणवे झालेले सर्वांनी पाहिले होते. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन ते ओतशाळेत नमुनाकार म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. यंत्राचा जो भाग ओतायचा, त्याची लाकडी प्रतिकृती घडवायची. ती वाळूत दाबून ठसा घ्यायचा. मग ठशाला धक्का न लावता ती अलगद उचलायची. मागे उरलेल्या पोकळीत वितळलेले लोखंड ओततात. सारी विद्या त्या 'अलगद'मध्ये आहे, असे आजोबा सांगत. आणि दर वेळी 'अलगद' म्हणताना हातातला चहा बशीत सांडत.

अशा माणसाच्या घरात एक गोष्ट मात्र पक्की अडकून बसली होती. त्यांची नात!

सोळा वर्षांची, हुशार, आणि हाताला असा गुण की बिघडलेल्या मिक्सरने तिला नुसते पाहून सुरू व्हावे. आजोबांच्याच तंत्रनिकेतनात शिकायचे, हे तिने सहावीतच ठरवले होते. अर्ज गेला, गुण उत्तम पडले, मुलाखतीचे पत्र आले. मुलाखत संगणकावर, गुरुवारी दुपारी चार वाजता. खाली ठळक अक्षरांत सूचना होती: 'कॅमेरा सुरू ठेवावा. चेहऱ्यावर कोणताही फिल्टर वापरू नये.'

"मी नाही बसणार," नात म्हणाली.

"का?"

"नाक दिसेल."

"दिसणारच! ते पुढच्या बाजूला बसवलेलं असतं."

"आजोबा, चेष्टा नको. हे बघा." तिने फोन समोर धरला. फोनमध्ये एक मुलगी होती. डोळे बशीएवढे, कातडी नुकताच रंग मारलेल्या फ्रिजसारखी, आणि नाक म्हणजे दोन ठिपके आणि एक अफवा!

"ही कोण?"

"मी."

"मग तू कुठे गेलीस?"

"माझ्या वर्गातल्या सगळ्या अशाच दिसतात."

"प्रत्यक्षात?"

"फोनमध्ये! प्रत्यक्षात कोण बघतं?"

दोन महिने पोरगी बोलताना नाकावर हात ठेवत होती. जेवतानासुद्धा डावा हात नाकावर आणि उजवा ताटात! आणि ते नाक होते तरी कोणाचे? मधल्या पिढीला वळसा घालून थेट आजोबांकडून आलेले. तोच मधला उंचवटा, त्याच रुंद पाकळ्या. तिने हात नाकावर नेला, की आजोबांना आपणच झाकले गेल्यासारखे वाटे.

प्रवेश हुकला, तर वर्ष जाणार होते. उपदेश करून झाला होता. आजींचे एकदा रागावूनही झाले होते. तेव्हा आजोबांनी तांत्रिक मार्ग पत्करला. स्वतःच्या नाकाचा प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, त्यात नाक ओतायचे, ते टेबलावर ठेवायचे आणि पोरीला दाखवायचे, की बघ, हे केवढे सुबक काम आहे! चौकटीच्या कागदावर त्यांनी अकरा टप्प्यांची योजना लिहिली आणि प्रत्येक टप्प्यापुढे खूण करायला चौकोन आखला.

गुरुवारी मुलगा-सून कामावर गेले होते. नात आतल्या खोलीत पालथी पडून होती. आजोबांनी अडीचलाच बैठकीत लॅपटॉप उघडून ठेवला. पडद्यावर 'परीक्षक लवकरच येतील' अशी पाटी आली. पोरगी ऐन वेळी तयार झालीच, तर यंत्र सज्ज असावे! मग त्यांनी नाकाला तेल चोपडले, नाकपुड्यांत कापूस कोंबला, मिशीवर ओला कागद अंथरला, आरामखुर्चीत मान मागे टाकली आणि प्लॅस्टर थापले. दोन चाळीस झाले होते. टप्पा नववा: आठ मिनिटे स्वस्थ पडून राहणे. त्यासाठी त्यांनी फोनवर गजर लावला.

तिथेच घात झाला! फोनवर एक गृहस्थ लाकडाचा वाडगा कातत होते. सुरेख हात. आजोबांनी तो वाडगा पूर्ण होईपर्यंत पाहिला. लगेच दुसरे गृहस्थ आले. ते गंजलेल्या पटाशीला धार लावत होते. तिसऱ्याने बिनखिळ्यांची खुर्ची जोडली. मध्येच काहीतरी वाजले आणि 'थोड्या वेळाने' असे लिहिलेले बटण आले. आजोबांनी ते न बघताच दाबले. पुन्हा वाजले, पुन्हा दाबले. फोनने हल्लीच्या पोरांचं लक्ष खाल्लं, असे रोज संध्याकाळी बाकावर बसून सांगणारा हा माणूस सदतीस चलचित्रे पाहून भानावर आला, तेव्हा तीन पंचवीस झाले होते!

त्यांनी साचा अलगद ओढला. साचा हलला नाही. जोरात ओढला. खुर्ची हलली.

"अहो!" आजी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "हे काय लावून घेतलंय?"

"बला काही झालेलं दाही!" आजोबा म्हणाले. नाक बंद असल्यामुळे त्यांचे सगळे अनुनासिक गळून पडले होते.

"झालेलं नाही कसं? तोंडावर उखळ उगवलंय!"

आजींनी ओढले. आजोबांनी आरोळी ठोकली, कारण कागद डावीकडून केव्हाच घसरला होता आणि त्या बाजूची त्यांची एकेचाळीस वर्षांची मिशी मुळापर्यंत प्लॅस्टरमध्ये गेली होती. ती आरोळी ऐकून तळमजल्यावरच्या पार्लरवाल्या ताई वर आल्या. दार उघडेच होते.

"अगंबाई! काका, हे नवीन आलंय का? नाक बारीक होतं यानं? किती वेळ ठेवायचं?"

"अहो ताई, ते अडकलंय," आजी म्हणाल्या.

"अडकायलाच हवं, त्याशिवाय आकार कसा येणार!" ताईंनी फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. खाली लिहिले: 'नाकासाठी घरगुती उपचार. काकांच्या चिकाटीला सलाम!' पाच मिनिटांत दारात चपलांचा ढीग झाला. एकीला हनुवटी टोकदार हवी होती. दुसरीला गालांवर खळ्या पाडून हव्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले शर्टाच्या बटणांवर हात फिरवत हळूच म्हणाले, "वहिनी, पोटाच्या मापात मिळेल का?"

आजी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "कोणाला काही मिळणार नाही! आणि माझ्या नवऱ्याचं नाक बारीक करायला कोणी सांगितलं? मी यांच्याच ओतशाळेत नकाशांच्या ट्रेसिंगला होते, ठाऊक आहे ना? खिडकीतून हे नाक भुश्यानं माखलेलं जाताना दिसलं, की माझी सरळ रेघ वाकडी जायची! तीन नकाशे पुन्हा काढले मी या नाकापायी!"

"आजी!" दारातून आवाज आला. गलबल्याने नात बाहेर आली होती. तिचा हात नाकावर होता.

"काय आजी? आम्ही काय लाकडाचे होतो?"

आजोबांचा चेहरा जेवढा दिसत होता, तेवढा लाल झाला. प्लॅस्टरही तापले होतेच, पण ते कारण वेगळे. बँकवाल्यांनी बटणे पुन्हा चाचपली आणि एकेक करून सारी मंडळी सटकली. ताई तेवढ्या राहिल्या.

नात जवळ आली. खाली वाकून तिने साचा एका बाजूने पाहिला, दुसऱ्या बाजूने पाहिला. पाहता पाहता नाकावरचा हात खाली आला, कारण साचा चाचपायला दोन्ही हात लागत होते.

"आजोबा, जोड कुठे दिलात?"

आजोबांनी नजर छताकडे वळवली.

"नाकाच्या पाकळ्या आत रुंद आहेत, साच्याचं तोंड अरुंद. हा एका तुकड्यात निघेलच कसा? दोन भागांत नको का करायला?"

नमुनाकारीतला हा पहिला धडा होता. आजोबांनी तो तीनशे शिकाऊ उमेदवारांना शिकवला होता. त्यांनी डोळे मिटले.

"ते राहू दे," ते कळवळून म्हणाले. "पावणेचार होऊद गेले. तू बुलाखतीला बस. बी असाच बरा आहे."

"बस म्हणे! आजी, करवतीचं पातं द्या. आणि कोमट पाणी. ताई, तुमची लहान कात्री आणा. हलू नका हो आजोबा!"

पाणी सोडत सोडत तिने नाकाच्या दांडीवरून सरळ रेघेत खाच पाडायला घेतली. घरात फक्त खर्र खर्र आवाज. पांढरा चुरा तिच्या केसांत, भुवयांवर, नाकावर. आजींनी पदराने आजोबांचे डोळे झाकले होते.

"नमस्कार," अचानक कोणीतरी म्हणाले. "आपण... तिथे काय करता आहात?"

चार वाजले होते! लॅपटॉपच्या पडद्यावर एक चष्मेवाले सर आणि एक प्राध्यापक बाई डोळे विस्फारून बसल्या होत्या. समोर एक मुलगी म्हाताऱ्याच्या नाकावर करवत चालवते आहे!

"एक मिनिट, सर," नात मागे न बघता म्हणाली. "साचा अडकलाय. जोड दिला नव्हता, म्हणून आता पाडतेय."

"नाक जपून!" बाई ओरडल्या.

"तीन मिलिमीटर ठेवलेत, मॅडम. पुढचं कापणार नाही, पाचर घालून फोडणार."

सर खुर्चीत पुढे सरकले. "पाचर कुठे घालणार?"

"शेंड्याकडे. तिथे जाडी कमी आहे."

"मुळाकडे का नाही?"

"मुळाशी डोळे आहेत, सर."

सरांनी हे लिहून घेतले. मुलाखत चांगली वीस मिनिटे चालली. प्लॅस्टर तापते का, तेल कशासाठी, ओतकाम थंड होताना आकसते ते किती, सगळे झाले. शेवटी नातीने चमच्याचा दांडा खाचेत घालून पिळला. कट्! उजवा अर्धा अलगद आला. डावा मिशीला धरून राहिला.

"आजोबा, मिशी कापावी लागेल."

"बिशी दको!"

"आजोबा!"

ताईंनी कात्री पुढे केली. डावी मिशी गेली.

पडदा काळा झाला, तेव्हा कुठे नात मटकन खाली बसली. "अरे देवा! कॅमेरा सुरू होता! मी दिसत होते?"

"दिसत होतीस की."

"कशी?"

आजींनी जमिनीवरचा चुरा गोळा करता करता वर पाहिले. "कामात होतीस."

नातीने नाकाला हात लावला. हाताला चुरा लागला. तिने तो झटकला आणि आजींच्या हातातला झाडू घेतला.

प्रवेश मिळाला. सोमवारी कागदपत्रांसाठी पालकाला घेऊन यावे, असे पत्र आले. मुलाला रजा नव्हती. पालकाचा मान आजोबांना मिळाला. पण आदल्या दिवशी त्यांनी उरलेली अर्धी मिशीही काढून टाकली होती आणि तेव्हापासून त्यांचा नूर पार बदलला होता. घरातून निघताना ते चार वेळा आरशापाशी गेले. वाटेत रुमाल तोंडावर धरून चालले. कोणी विचारले, की धुळीचा त्रास म्हणत.

"आजोबा, रुमाल काढा. कोणी बघत नाही," नात मोकळ्या तोंडाने पुढे चालली होती.

"तुझं ठीक आहे गं. तुझं सगळं जागच्या जागी आहे!"

फाटकाशी लांब रांग होती. रखवालदाराने आजोबांचे ओळखपत्र घेतले, फोटोतल्या झुपकेदार मिशीकडे पाहिले, मग समोरच्या तोंडाकडे पाहिले. रुमाल खाली घ्यावाच लागला.

"मिशी कुठेय?"

"गेली."

रखवालदाराने पुन्हा फोटो पाहिला, आजोबांना पाहिले, शेजारच्या नातीला पाहिले आणि कार्ड परत केले. "चला. नाक तेच आहे दोघांचं."

नात खळखळून हसली, सगळ्या रांगेसमोर. आजोबा मात्र पुढे सरकेनात. त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "पण काय हो, बिनमिशीचं बरं दिसतं का?"

"काका," रखवालदार म्हणाला, "मागे रांग आहे."