साळवीकाकांची गुलाबी गुलबक्षी

कुणाचीही लग्नपत्रिका हातात आली की आमचे शेजारी साळवीकाका मुहूर्त बघत नाहीत. पत्रिका उलटी करून मागे चार घरांचा चौकोन आखतात आणि या जोडप्याच्या पोटी काय काय निपजू शकतं ते मांडायला लागतात. "एक गुण आईकडून, एक बापाकडून. चौकोन आखा, मोकळे व्हा!" हे त्यांचं पालुपद. एका कॉलेजच्या बायोलॉजी लॅबमध्ये ते तीस वर्षं अटेंडंट होते. प्रोफेसर बदलत गेले, काका तेच राहिले.

भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये, आमची दारं समोरासमोर. माझी ऋचा बारावीला आहे. कॉलेजातून आली की बॅग माझ्याकडे टाकते आणि स्वतः काकांकडे पळते. मी काही सांगायला जावं तर "पण काका म्हणतात..." सुरू. मी जळते. उगाच कशाला लपवू?

त्यात त्यांची गुलबक्षी. माझ्या गॅलरीत मोगरा आहे, जास्वंद आहे. पण ऋचाला कौतुक जिन्याच्या खिडकीतल्या काकांच्या तीन कुंड्यांचं. एक लाल, एक पांढरी आणि मधली गुलाबी. तो गुलाबी रंग माझ्या डोळ्यांत खुपायचा.

एका सकाळी काका दूध आणायला खाली उतरले आणि मी गुलाबी झाडाच्या पाच काळ्या बिया ओढणीच्या टोकात बांधून आणल्या. माझ्या गॅलरीत लावल्या. फुलं आली तेव्हा दोन झाडं लाल, दोन गुलाबी, एक चक्क पांढरं! म्हाताऱ्याने बियांना काहीतरी करून ठेवलंय, अशी माझी खात्रीच झाली.

मग एका संध्याकाळी, ऋचाला उदाहरण सोडवायला बसवून, काका चहासाठी वाटीभर साखर मागायला आले आणि गॅलरीकडे बघतच राहिले.

"मनीषा, गुलाबीच्या बिया नेल्यास ना?"

मी साखरेचा डबा शोधायला लागले.

"अगं, गुलाबीच्या पोटात लाल-पांढरं दोन्ही असतं. चारात एक लाल, एक पांढरं, दोन गुलाबी. पण पाच बियांत हे प्रमाण कसं दिसणार? चोरायच्याच होत्या तर चाळीस तरी चोरायच्यास!"

लाजेने मेले, तरी विचारलंच, "मग तुमच्याकडे दरवर्षी गुलाबी कशी?"

"दरवर्षी नव्याने करतोय. लाल कळीतले केसर कापायचे, पांढरीचे पराग ब्रशने लावायचे. त्या बिया सगळ्या गुलाबीच येतात." काका वाटीकडे बघत म्हणाले, "लाल माझ्या सुमनच्या माहेरची, लांज्याची. पांढरी माझ्या घरची. आम्हाला मूलबाळ नाही ना. ती म्हणायची, आपल्या दोघांचं मिळून एवढं तरी असू दे. ती गेली, पण मी करतोय."

मी वाटी शिगोशीग भरून त्यांच्या हातात दिली. साखर घेऊन ते दारापर्यंत गेले आणि वळले.

"ऋचाचं उत्तर चुकलं की ती अशी तिरकी बघते, हुबेहूब तू! चौकोन आखायलाच नको. खरं सांगू? तुझा हेवा वाटतो गं मला."

रोज सातच्या ठोक्याला मी जिन्यात उभी राहून ऋचाला हाक मारते, खालच्या मजल्यालाही ऐकू जाईल अशी. त्या दिवशी सात वाजले, साडेसात झाले. मी हाक मारली नाही.